गावाकडून मेडिकलला येऊन राहिले? मग आधी हे वाचून घ्या

आमचं घर नागपूरच्या हनुमान नगरात, मेडिकल म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय, त्याच्या चौकातून पायी पंधरा मिनिटं. लग्न होऊन आली तेव्हा वाटलं होतं की वा, सगळं कसं जवळ आहे. वर्षभरात कळलं की जवळ आहे ते मुख्य म्हणजे मेडिकल, आणि सासरकडचे भिवापूर-नागभीडपर्यंतचे सगळे आमच्या घराला मेडिकलची धर्मशाळाच समजतात. सकाळी साडेपाचला फोन वाजतो, "सूनबाई, आम्ही बसमंदी बसून राहिलो, काकाजीले दाखवाचं हाये." आणि येताना पिशवीत भिवापुरी मिरची घेऊन येतात, त्यामुळे काही बोलता पण येत नाही.

इतक्या वर्षांच्या चकरांत एक गोष्ट पक्की समजली. तिथं डॉक्टर आहेत, मशिनी आहेत, इलाज होतो, पण पेशंटला या खिडकीवरून त्या खिडकीवर नेणारं कोणी नसतं, ते काम घरच्या माणसाचं. अर्धे लोक आजाराने नाही, चकरांनी थकून गावाला परत जातात. म्हणून हे सगळं पेशंटसाठी कमी आणि त्याच्यासोबत फाइल धरून फिरणाऱ्यासाठी जास्त लिहून राहिले.

आधी कोणत्या दवाखान्यात जायचं ते ठरवा

गावात सगळ्यालाच "नागपूरचा मोठा दवाखाना" म्हणतात आणि मग ऑटोवाला विचारतो कोणता, तर कोणालाच माहीत नसतं. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, १९४७ चं, नागपूर सीपी अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) या प्रांताची राजधानी होतं तेव्हाचं. चौदाशेच्या आसपास खाटा, १९६ एकरांचा परिसर, म्हणजे एका गेटवरून दुसऱ्या गेटपर्यंत म्हाताऱ्या माणसाला चालवत नेलं तर दाखवण्याआधीच भरती करायची वेळ येते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमृत महोत्सवाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या, ते हेच.

मेयो वेगळं. ते इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर, रेल्वे स्टेशनच्या बाजूला, पण नाव कोणी घेत नाही, सगळे मेयोच म्हणतात. रेल्वेने येऊन राहिले आणि साधं दाखवायचं असेल तर मेयो जवळ पडतं. सुपर म्हणजे सुपर स्पेशालिटी, हे मेडिकलचंच, पण इमारत वेगळी, तुकडोजी पुतळ्याजवळ. हार्ट, किडनी, मेंदू, नसा, पोट-लिव्हर, लघवीचे मोठे आजार तिथं. डागा गांधीबागेत, ते बायकांचं आणि बाळंतपणाचं. दाताचं सरकारी कॉलेज मेडिकलच्या आवारातच आहे, आणि एम्स पार मिहानमध्ये. एम्सचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, तिथं ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन जाता येतं, मेट्रो खापरीपर्यंत नेते आणि पुढे ऑटो करावा लागतो.

आता एक महत्त्वाचं. "डायरेक्ट सुपरलाच नेऊ" असा हट्ट बरेच जण करतात. छातीत दुखते म्हणजे हार्टच असं आपणच ठरवायचं नाही. आधी मेडिकलच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा, गरज वाटली तर तेच लिहून देतात, आणि त्या लिहून दिलेल्या कागदाने सुपरमध्ये बोलणं सोपं होतं. तालुक्याच्या डॉक्टरने रेफर केलं असेल तर ती चिठ्ठी जिवापाड जपा, त्यात त्याने काय काय औषध दिलं ते असतं.

पैशाचंही एक सांगून ठेवते, कारण यावरून खिडकीवर भांडणं होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं फुकट झालं असं लोकांनी ऐकलेलं असतं. तो निर्णय आरोग्य खात्याच्या दवाखान्यांचा, म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, डागा वगैरे. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात. तिथं चिठ्ठीचे आणि काही तपासण्यांचे थोडे पैसे लागतात. बाहेरच्या मानाने काहीच नाही, पण सुट्टे ठेवा, खिडकीवर पाचशेची नोट काढली की मागची सगळी लाइन तुमच्याकडे पाहते.

यायचं कसं

एसटीने गणेशपेठला उतरलात तर मेडिकल चौक ऑटोने जवळच आहे. उमरेड रोडने येणाऱ्यांनी कंडक्टरला विचारून घ्या, सक्करदऱ्याच्या बाजूला उतरता आलं तर उलटं जावं लागत नाही. रेल्वेवाल्यांना अजनी स्टेशन जवळ पडतं, सगळ्या गाड्या थांबत नाहीत ते आधी पाहून घ्या. मेडिकलच्या दारात मेट्रो नाही. ऑटोवाल्याला फक्त "मेडिकल" म्हणू नका, "मेडिकलची ओपीडी" नाहीतर "कॅज्युअल्टी" (म्हणजे इमर्जन्सी) असं म्हणा, नाहीतर तो चौकात सोडून मोकळा होतो.

एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट, फक्त आधार जवळ पाहिजे. सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिसच्या पेशंटला पण सवलत आहे, आपल्याकडे सिकलसेलचे इतके पेशंट आहेत तरी बऱ्याच घरात हे माहीतच नसतं. आगारात एकदा विचारून घ्या कोणता दाखला लागतो.

दिवस निवडताना सोमवार शक्यतो टाळा, रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी येते. रविवारी आणि सरकारी सुट्टीला ओपीडी बंद, कॅज्युअल्टी चोवीस तास चालू. आणि नागपूरच्या सुट्ट्या गावाकडच्यांच्या लक्षात राहत नाहीत. तान्हा पोळ्याला इथं मारबतीची मोठी मिरवणूक निघते, त्या दिवशी आणू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडचे रस्ते पूर्ण भरलेले असतात. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्च्यांमुळे बर्डीकडून (सीताबर्डी) येणारा ऑटो कुठून कुठं फिरवेल सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी: चिठ्ठी, विभाग आणि तो वार

सकाळी आठच्या आधी पोचा. एक जण लाइनमध्ये लागेल, दुसरा पेशंटला घेऊन सावलीत बसेल, म्हणून कमीत कमी दोन जण पाहिजेत आणि पाचसहा जण नको. फोनमध्ये आभा कार्ड (सरकारचं डिजिटल हेल्थ कार्ड) काढून ठेवलं तर क्यूआर स्कॅन करून टोकन घेण्याची सोय मोठ्या सरकारी दवाखान्यांत आली आहे, खिडकीजवळ कोड लावलेला दिसला तर घरातल्या पोराला म्हणा स्कॅन कर, नाहीतर लाइन आहेच.

चिठ्ठीवर नाव आधारवर आहे तसंच सांगा. आमच्या काकाजींचं नाव आधारवर रामचंद्र, राशन कार्डवर रामाजी, आणि त्यांना स्वतःला विचारलं तर ते "पाटील" सांगतात. पुढे योजनेच्या वेळी यावरून किती दमछाक होते ते खाली सांगते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी कोणीच सांगत नाही. मेडिसिन, सर्जरी, हाडाचा विभाग, गायनिक असे जे मोठे विभाग आहेत त्यात डॉक्टरांच्या टीम असतात, त्यांना युनिट म्हणतात, आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. तुम्ही पहिल्यांदा ज्या वारी दाखवलं, त्या दिवशी जे युनिट होतं त्याचे तुम्ही पेशंट झाले. पुढचं दाखवणं, रिपोर्ट, ऑपरेशनची तारीख, टाके, सगळं त्याच युनिटकडे, त्याच वारी. इमर्जन्सीत भरती झाले तर त्या दिवशी ज्या युनिटची ड्युटी होती ते तुमचं युनिट.

मला हे माहीत नव्हतं. काकाजींना हर्नियासाठी पहिल्यांदा सोमवारी दाखवलं, रिपोर्ट आले, आणि मला बुधवारी सुट्टी होती म्हणून मी त्यांना बुधवारी बोलावलं. ते पाचच्या बसने निघाले. तीन तास थांबून नंबर आला तर आतल्या पोरीने, असेल पंचवीस-सव्वीसची, कागद पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं युनिट सोमवारचं आहे, तारीख तेच देतील." चूक माझीच होती, चिठ्ठीवर वर कोपऱ्यात युनिट लिहिलेलं होतं, मी पाहिलंच नव्हतं. काकाजी काही बोलले नाहीत. बाहेर येऊन झाडाखाली बसले, पिशवीतून भाकर आणि मिरचीचा ठेचा काढला आणि म्हणाले, "चाल, नागपूर तं पाहून झालं."

त्या दिवसापासून फाइलवर जाड मार्करने तीन गोष्टी लिहिते: विभाग, युनिट, वार. तुम्हीही घरून निघायच्या आधीच तशी जागा सोडून ठेवा.

फाइल

पॉलिथिनच्या पिशवीत कागद आणू नका. मी एक्स-रेची फिल्म चार घड्या करून टमाट्याच्या पिशवीत आणलेली पाहिली आहे, आमच्याच घरी, आणि डॉक्टरने ती खिडकीसमोर धरली तर हाडापेक्षा घड्याच जास्त दिसत होत्या. वीस-तीस रुपयांची बटणवाली प्लास्टिक फाइल घ्या. त्यात सगळ्यात वर आजची चिठ्ठी, त्याखाली तारखेप्रमाणे जुने कागद, मग रिपोर्ट, आणि शेवटी आधार, राशन कार्ड, बँक पासबुकच्या झेरॉक्स, तीन-तीन. झेरॉक्सवाले चौकात आहेत पण वॉर्डातून तिथवर जाऊन यायला अर्धा तास जातो.

प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा, त्याच दिवशी. आणि घरी जी औषधं चालू आहेत त्यांचं पाकीट घेऊन या. "बीपीची पांढरी गोळी" म्हटल्यावर डॉक्टर काय समजणार, सगळ्याच गोळ्या पांढऱ्या असतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मुद्दाम दाखवा, ऑपरेशनच्या आधी ती बंद करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतात, आपल्या मनाने बंद करायची नाही.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा. आपल्याकडे माणूस डॉक्टरसमोर म्हणतो, "नाही बा, कधीच नाही," आणि खिशात पन्नी. खरं सांगून टाका, किती वर्षांपासून, दिवसाला किती. भूल देणाऱ्याला ते माहीत असणं गरजेचं असतं. आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट सहन होत नसेल, आत पांढरा-लाल चट्टा असेल आणि दोन-तीन आठवड्यांत गेला नसेल, तर दुसऱ्या कशासाठी आलेले असाल तरी त्याच चकरेत डेंटल कॉलेजमध्ये दाखवून घ्या, आवारातच आहे.

तपासण्या

डॉक्टरने पाच तपासण्या लिहिल्या तर आधी बाहेर येऊन एकदा नीट वाचा, नाहीतर कोणालातरी वाचायला लावा. रक्त, लघवी, एक्स-रे, ईसीजी ही बहुतेक त्याच दिवशी होतात, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयला तारीख मिळू शकते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तारखेवाल्या तपासण्यांच्या खिडकीवर जाऊन तारीख घ्या, मग रक्त द्यायला जा. लोक उलटं करतात आणि दुपारी सोनोग्राफीची खिडकी बंद मिळते.

उपाशी पोटाची साखर करायची असेल तर आठ-दहा तास काही खायचं नाही, चहा पण नाही. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी आणि बऱ्याचदा लघवी भरलेली पाहिजे, म्हणून पाणी प्यायचं. शुगरच्या पेशंटला मात्र उपाशी ठेवून तीन तास लाइनमध्ये उभं करू नका, फिरल्यासारखं झालं तर तिथंच पडतो, जवळ बिस्किट, साखर काहीतरी असू द्या. एमआरआयच्या आधी शरीरात पेसमेकर, रॉड, क्लिप काही असेल तर सांगा. सुई टोचवून करायच्या सीटीला आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्त तपासणीचा, रिपोर्ट मागतात, तो नसला तर तारीख वाया जाते.

ऑपरेशन ठरलं की "फिटनेस" घ्यावा लागतो. म्हणजे रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, ईसीजी घेऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचं, बीपी-शुगर-दमा असेल तर मेडिसिनवाल्यांचाही शेरा लागतो. काकाजींचा फिटनेस दोन आठवडे चालला कारण बीपी दर वेळी जास्त निघे, आणि बीपी जास्त निघे कारण तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवून लगेच मशीन लावायला बसवायचो. वीस मिनिटं शांत बसवून मग आत पाठवलं तर ठीक निघालं.

योजना, जिला जुने लोक अजून जीवनदायी म्हणतात

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, त्यात आपलं गडचिरोली आणि अमरावती होतं, २०१७ मध्ये नाव बदललं. आता आयुष्मान भारतसोबत जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे आणि राज्यातल्या सगळ्याच राशन कार्डवाल्यांना ती लागू केली आहे, आधी पिवळं-केशरीच लागायचं.

हे मेडिकलमध्ये कशाला, तिथं तर तसंही स्वस्त, असं विचारतात. पण ऑपरेशनमधला रॉड, प्लेट, स्टेंट, व्हॉल्व्ह, महागडं इंजेक्शन, हे सगळं योजनेत बसलं तर तुमच्या खिशातून जात नाही. फक्त योजनेत ठरावीक आजार आणि ऑपरेशनं आहेत, सगळंच नाही. म्हणून भरती झाल्याबरोबर त्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा. त्याचं टेबल असतं, सिस्टरला विचारलं की सांगते कुठं. ऑपरेशन झाल्यावर जाऊन "आता योजनेत टाका" म्हणून काही होत नाही, मंजुरी आधी लागते. इमर्जन्सीत कागद नंतर आणून देता येतात, पण सांगायचं त्याच दिवशी.

काय लागतं: राशन कार्ड, त्यावर पेशंटचं नाव पाहिजे, बारा आकडी नंबर ऑनलाइन चढलेला पाहिजे, आणि आधार. अडचण इथंच येते. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं, सासरच्यात चढलेलं नाही. नातवाचं नावच नाही. काकाजींचं रामाजी-रामचंद्र. त्यासाठी तहसीलला, सेतूला पळावं लागतं, आणि भरती पेशंट सोडून हे करायला एक माणूस पूर्ण दिवस जातो. घरात सगळे धडधाकट आहेत तेव्हाच हे दुरुस्त करून घ्या, आयुष्मान कार्ड पण काढून ठेवा. चौकशीचा फुकट नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

योजनेत बसत नाही आणि पैसे पण नाहीत, तर समाजसेवा अधीक्षकांचं ऑफिस शोधा. प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात असतं आणि लोकांना माहीतच नसतं. गरीब पेशंटला फीमध्ये सूट, ट्रस्टकडून मदत, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज, बेवारस पेशंटचं सगळं तेच पाहतात. तिथं रडायची गरज नाही, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज घेऊन जा.

भरती झाल्यावर

सामान: दोन चादरी, मग, ताट-वाटी-पेला, थर्मास, साबण, टॉवेल, ओडोमॉस, पॉवर बँक, एक जुनी सतरंजी नातेवाइकाला झोपायला. सोनं घरी. उन्हाळ्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा पाण्याची मोठी बाटली आणि ओला दुपट्टा पाहिजेच. बायकांच्या वॉर्डात सोबत बाईच पाहिजे, त्यामुळे मुलगा एकटा आईला घेऊन आला की अडकतो.

डॉक्टरांमध्ये कोण कोण ते समजून घ्या. रक्त काढणारा, धावपळ करणारा बहुतेक इंटर्न. दिवसरात्र वॉर्डात दिसणारे जेआर म्हणजे निवासी डॉक्टर, तुमच्या पेशंटचं सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं. त्यांच्या वर एसआर म्हणजे सीनियर निवासी डॉक्टर, आणि सकाळच्या राउंडला येतात ते सर किंवा मॅडम. राउंडला घरचा एक माणूस खाटेजवळ पाहिजेच, बाकी वेळी चहाला जा पण तेव्हा नको. प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवा आणि तीनच विचारा: काय झालंय, आज काय करणार, आम्ही काय आणायचं. "वाचेल का" हा प्रश्न राउंडच्या घोळक्यात विचारू नका, दुपारी जेआर एकटा बसलेला असतो तेव्हा विचारा, नीट सांगतात.

भरती पेशंटला जेवण मिळतं, सोबतच्याला नाही. दवाखान्याभोवती दहा-वीस रुपयांत जेवू घालणारे, फुकट वाटणारे सेवाभावी लोक असतात, लाजू नका. नाहीतर सकाळी तर्री पोहे आहेतच, फक्त पेशंटला चारू नका. आमच्या आत्याबाईंनी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी "थोडीशी तर्री" चारली होती, पुढचं लिहीत नाही.

औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली तर आधी विचारा, "आपल्या स्टोअरमध्ये नाही का, योजनेत येत नाही का, जेनेरिक चालेल का." सरळ विचारलं तर कोणी रागावत नाही. आणि कोणत्याही मोठ्या सरकारी दवाखान्याभोवती गोड बोलणारे दलाल फिरतात, "इथं काय ठेवता, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, लगेच करून देतात." आमच्या ओळखीतलं एक घर असंच एका खाजगी हॉस्पिटलमध्ये गेलं, तिथं डिपॉझिट भरलं, चार दिवसांत पैसे संपले आणि पेशंट परत सरकारीतच आणला. मधले चार दिवस गेले ते गेलेच.

चिडून मर्जीने सुट्टी घेणं, याला तिथं डामा म्हणतात. सही करून न्यायचा हक्क तुमचा आहे, पण आधी जेआरला विचारा की नेलं तर काय होऊ शकतं, आणि कागद घेतल्याशिवाय निघू नका. डॉक्टरवर हात उगारणं तर सोडाच, २०१० च्या कायद्याने त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एका माणसाच्या रागापायी संप झाला तर आख्ख्या विदर्भाचे, बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंट ताटकळतात. तक्रार असेल तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या, पोच घ्या.

रक्त

ऑपरेशनला रक्त लागणार म्हटलं की घरचे सगळे एकमेकांकडे पाहतात. १८ ते ६५ वय, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषाने तीन महिन्यांत आणि बाईने चार महिन्यांत दिलेलं नसावं. खाऊन या. ग्रुप तोच पाहिजे असं नाही, तुमचं रक्त पेढीत जातं आणि पेशंटला त्याच्या ग्रुपचं मिळतं. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या पेशंटला रक्त फुकट असतं, त्याचं कार्ड दाखवा. रस्त्यावर पैसे घेऊन रक्त देणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

रात्री-बेरात्री काही झालं तर

१०८ लावा, फुकट आहे, गाव-खूण नीट सांगा. गरोदर बाई आणि लहान बाळासाठी १०२. साप चावला तर मांत्रिक नाही, घट्ट दोरी नाही, चिरा देणं नाही, पाय हलवू न देता आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, सापाची लस तिथंही असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत आणायची काही गरज नाही. आमच्या मागच्या बेडवर एकाने आणला होता, आख्खा वॉर्ड खाटांवर चढला.

अपघात, विष, भाजणं, मारामारी, यात एमएलसी होते, म्हणजे पोलिसात नोंद. घाबरू नका आणि खोटं सांगू नका. इलाज आधी सुरू होतो, जबाब नंतर होतो. एमएलसीचा नंबर लिहून ठेवा, विम्याला आणि कोर्टाला तोच लागतो.

सुट्टी

सुट्टी झाली की डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन तिथंच वाचा: नाव बरोबर, निदान लिहिलंय, गोळ्या किती दिवस, पुढची तारीख कोणत्या वारी. टाके गावच्या पीएचसीत काढले तर चालतात का ते विचारा, बऱ्याचदा हो म्हणतात आणि एक चकर वाचते. बाळ झालं असेल किंवा कोणी गेलं असेल तर नोंदीच्या फॉर्मवर आधारप्रमाणे स्पेलिंग तपासा, नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि दाखल्यातली एक मात्रा दुरुस्त करायला वर्ष जातं.

काकाजींचं ऑपरेशन शेवटी एका सोमवारीच झालं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना वजन उचलायचं नाही, तीन महिने पोतं नाही, बैलबंडीवर चढायचं नाही, असं सगळं दोनदा सांगितलं, कार्ड फाइलमध्ये घातलं, वर मार्करने पुढची तारीख लिहिली आणि बसमध्ये बसवून दिलं. आठ दिवसांनी काकीचा फोन आला, टाके भिवापूरलाच काढले, आणि फाइल कुठं आहे म्हटलं तर देवघराच्या बाजूच्या खिळ्याला टांगली आहे. तिथंच राहू द्या म्हटलं.